गोलानवरचा गनर आणि आमच्या गावचा चालक

७ ऑक्टोबर १९७३ रोजी, अरब-इस्रायल युद्धात, सीरियाच्या सीमेवरील गोलान पठाराच्या दक्षिण भागात इस्रायली सैन्याच्या १८८व्या चिलखती ब्रिगेडचा एक रणगाडा गोळा लागून पेटला आणि आतील चौघांपैकी तिघे मरण पावले. त्यांतला गनर, म्हणजे नेम धरून तोफ डागणारा, २१ वर्षांचा होता. यिझ्रेल खोऱ्यातील एका किबुत्झमध्ये तो जन्मला, तिथेच वाढला आणि तिथल्याच दफनभूमीत त्याला पुरले आहे. त्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण त्याच्याविषयी मराठीत लिहिण्यास होकार देताना त्याच्या बहिणीने तेवढी एकच अट घातली. ज्या मावशींमुळे मला हे सारे कळले त्यांनीही आपले नाव नको असे सांगितले आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची मैत्रीण. त्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या. त्यांचे मूळ घराणे कोकणातले, जुन्या कुलाबा जिल्ह्यातले, पण वडिलांच्या नोकरीमुळे बालपण बेळगावच्या कॅम्पात गेले. आई आणि त्या एकाच वर्गात शिकल्या. १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या समाजातील अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांचेही कुटुंब इस्रायलला गेले. तिथे भाषा शिकता शिकता त्या एका किबुत्झमध्ये राहिल्या आणि पुढे कित्येक वर्षे तिथल्या धुलाईघरात काम करीत राहिल्या. त्यांचे मराठी अजून कॅम्पातले आणि कोकणातले असे मिसळलेले आहे. इस्रायलमधील मराठी भाषकांचे ‘मायबोली’ हे नियतकालिक त्या आवडीने वाचत आल्या आहेत, आणि संकट टळले की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करण्याची रीत त्यांनी त्या धर्मनिरपेक्ष, काहीशा नास्तिक वस्तीतही सोडली नाही. त्या गनरच्या स्मरणार्थ किबुत्झने छापलेली पुस्तिका त्यांनी मला एकेक पान करून मराठीत सांगितली.

किबुत्झ म्हणजे सामायिक मालकीची शेतकरी वसाहत. देगानिया ही अशी पहिली वसाहत १९१० मध्ये गॅलिली सरोवराकाठी उभी राहिली. जमीन, गोठा, ट्रॅक्टर, स्वयंपाकघर, कपडे हे सर्व साऱ्यांचे. त्या काळी कोणालाही पगार नसे. प्रत्येकाने कामवाटपाच्या यादीप्रमाणे काम करायचे आणि गरजेप्रमाणे घ्यायचे. महत्त्वाचे निर्णय सदस्यांच्या सर्वसाधारण सभेत व्हायचे आणि मुलाला पुढे कोणते शिक्षण द्यायचे याचीही चर्चा तिथे होऊ शकत असे. एवढे आमच्याकडच्या माणसाला समजते, कारण सहकारी साखर कारखाने आणि सोसायट्यांच्या सभा आपण पाहिल्या आहेत, जरी तिथे सर्वांचे म्हणून सांगितलेले शेवटी कोणाचे होते हेही आपण पाहिले असले तरी.

ज्या गोष्टीपाशी माझी आई अडली ती मुलांच्या घरांची. त्या काळातील बहुतेक किबुत्झमध्ये मुले आईवडिलांजवळ झोपत नसत. तान्हेपणापासून ती मुलांच्या घरात राहत, एकाच वयाची मुले एका गटात वाढत, आणि त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रिया नेमलेल्या असत. आईवडील काम आटोपून दुपारनंतर काही तास मुलांना घरी नेत आणि रात्री पुन्हा सोडून येत. रात्री एक पहारेकरीण साऱ्या मुलांकडे लक्ष ठेवी. स्त्रीला घरकामातून मोकळे करावे आणि मुलांमध्ये मालकीची भावना रुजू नये, हा त्यामागचा विचार होता. १९७० नंतरच्या दोन दशकांत ही पद्धत एकेका किबुत्झने सोडली. अशा घरांत वाढलेल्यांपैकी काहींनी त्या दिवसांबद्दल कृतज्ञतेने लिहिले आहे, तर काहींनी रात्रीच्या अंधारात आईला हाका मारल्याच्या आठवणी कडवटपणे नोंदवल्या आहेत. आईने हे ऐकल्यावर मावशींना एवढेच विचारले की, मूल रात्री आजारी पडले तर त्याच्याजवळ कोण जात असे. मावशी म्हणाल्या, “पहारेकरीण जायची. मी स्वतः ते काम केलंय. पाच मिनिटांवर त्याची आई झोपलेली आहे हे ठाऊक असताना केलंय.”

आमचा गनर असा वाढला. त्याच्या गटातील मुले एका घरात झोपली, एकाच शाळेत शिकली, पुढे कापसाच्या शेतात आणि गोठ्यात एकत्र कामाला गेली. त्याला ट्रॅक्टर लवकर चालवता येऊ लागला आणि त्याचा त्याला गर्व होता, असे पुस्तिकेत त्याच्या मित्राने लिहिले आहे. किबुत्झमधील तरुण सैन्यात गेल्यावर वैमानिक, कमांडो, रणगाड्यांचे अधिकारी अशा धोक्याच्या जागा मागून घेत. देशाच्या लोकसंख्येत किबुत्झवासी अगदी थोडे असतानाही १९६७ च्या युद्धातील मृतांमध्ये त्यांचे प्रमाण त्या मानाने कित्येक पटींनी जास्त होते. हा मुलगा मात्र अधिकारी झाला नाही. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला जाण्यास त्याने नकार दिला होता, कारण त्यामुळे सैन्यातील मुदत वाढली असती आणि त्याला घरी यायचे होते.

आता रणगाड्याविषयी. हे मला माझ्या चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी समजावले. आप्पा भारतीय सैन्याच्या ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रांची देखभाल करणाऱ्या दलात होते; सिकंदराबादला शिकले आणि पुढे रणगाड्यांच्या रेजिमेंटबरोबर दुरुस्ती पथकात राहिले. चिकोडी तालुक्यातील आमच्या गावातून सैन्यात जाणारा मुलगा सहसा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे बेळगावच्या केंद्रात भरती होतो. पहाटे निपाणीकडच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलांना विचारले तर आजही तेच उत्तर मिळते. आप्पा आणि त्यांच्या बरोबरीचा आणखी एक जण मात्र रणगाड्यांकडे गेले. त्या दुसऱ्याविषयी पुढे लिहितो.

गोलानवर १८८व्या ब्रिगेडकडे जे रणगाडे होते ते मूळचे ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन. इस्रायलने त्यांवर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली आणि पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे घातले. हेच सेंच्युरियन भारताकडेही होते. १९६५ मध्ये पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर सियालकोट आघाडीवर ज्या रणगाड्यातून लढत १६ सप्टेंबरला मरण पावले तो सेंच्युरियन होता, आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यात मरण पावले तोही सेंच्युरियनच. खेत्रपाल तेव्हा २१ वर्षांचे होते. तो रणगाडा अहमदनगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले आणि मराठी शाळांतील मुलांना ही नावे ठाऊक असतात.

आप्पा रणगाड्याला कधीच रणगाडा म्हणत नाहीत. ते ‘गाडी’ म्हणतात. गाडीत चौघे असतात. चालक पुढे, खाली बसलेला. वर टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या बुरुजात, कमांडर, गनर आणि लोडर. गनर बसतो त्या जागेला स्वतःचे वेगळे झाकण सहसा नसते. कमांडर त्याच्या मागे, थोडा वर असतो, म्हणजे बाहेर पडायचे तर गनरला कमांडरच्या जागेतून पडावे लागते, आणि कमांडर जखमी होऊन खाली कोसळला असेल तर तो मार्ग त्याच्याच देहाने अडतो. गनर जग पाहतो ते दुर्बिणीच्या एका गोल तुकड्यातून. आजूबाजूला काय चालले आहे हे त्याला दिसत नाही, ते त्याला कानातल्या हेडसेटवरून कळते. लोडर वीस किलोच्या आसपास वजनाचा एकेक गोळा दोन्ही हातांनी उचलून तोफेत भरतो, आणि तोफ उडाली की रिकामे, तापलेले कवच आत पडते व धुराने घसा कोरडा होतो. “बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लोखंडाच्या आत आहेत, सुरक्षित आहेत,” आप्पा म्हणाले. “आत बसणाऱ्याला तसं वाटत नाही.”

इस्रायली कमांडर झाकण उघडे ठेवून, छातीपर्यंत बाहेर उभे राहून लढत. त्यांना चांगले दिसे, त्यामुळे ते शत्रूच्या आधी गोळा टाकू शकत. मात्र त्या युद्धात रणगाड्यांच्या कमांडरांचे मृत्यू फार झाले त्याचेही हे एक कारण होते. ६ ऑक्टोबर १९७३ हा योम किप्पूरचा, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास सीरिया आणि इजिप्त यांनी एकाच वेळी हल्ला केला. गोलानवर त्या क्षणी इस्रायलचे १७७ रणगाडे होते आणि समोर सीरियाचे हजाराहून अधिक. उत्तरेकडे सातव्या ब्रिगेडने आपली जागा धरून ठेवली. दक्षिणेकडे प्रदेश मोकळा आणि सपाट असल्याने १८८व्या ब्रिगेडची फळी रात्रीतच फाटली. सीरियन रणगाड्यांना अंधारात पाहण्याची साधने होती, इस्रायलकडे तशी पुरेशी नव्हती. दुसऱ्या दिवशी ब्रिगेडचे कमांडर यित्झाक बेन शोहम स्वतः रणगाड्यात लढताना मारले गेले. राखीव सैनिकांना जसे मिळतील तसे रणगाडे देऊन वर पाठवले जात होते, आणि एका गाडीत बसलेल्या चौघांनी एकमेकांची नावे वाटेत विचारली असे प्रसंगही घडले.

आमच्या गनरच्या गाडीतून चालक तेवढा वाचला. पुस्तिकेत त्याचे दीड पान आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. तो लिहितो की, कमांडर पडल्यानंतर गनर हेडसेटवरून त्याला दिशा सांगत होता: मागे घे, डावीकडे, थांब. गनरच्या दुर्बिणीतून मागचे काहीच दिसत नसताना त्याला हे कसे सांगता येत होते, याचे उत्तर चालकाला अजून मिळालेले नाही. मावशींनी हे वाचून दाखवले तेव्हा आप्पा शेजारी बसले होते. त्यांनी तिथल्या तिथे सांगितले की, गनर आपली जागा सोडून कमांडरच्या जागेवर चढला असणार, याचा अर्थ त्याने आधी कमांडरला बाजूला केले असणार, आणि याचा अर्थ चालकाला दिशा सांगत असताना तो उघड्यावर उभा होता. मावशींनी हे त्या बहिणीला कळवावे की नाही यावर दोघांत बराच वेळ बोलणे झाले. शेवटी मावशींनी कळवले. बहिणीचे उत्तर आले की, हे त्यांना ठाऊक होते. पुस्तिकेत घातले नाही, कारण त्यांची आई तेव्हा हयात होती.

तो मेल्यावर लगेच किबुत्झमध्ये आला नाही. त्या युद्धात मृतांना आधी तात्पुरत्या लष्करी दफनभूमींत पुरण्यात आले आणि नंतर काही महिन्यांनी त्यांच्या गावी नेण्यात आले. त्या मधल्या काळातील एक प्रसंग मावशी सांगतात. किबुत्झच्या धुलाईघरात प्रत्येक सदस्याला एक क्रमांक असे. तो कपड्यावर शिवलेला असे आणि धुतलेले कपडे त्या क्रमांकाच्या खणात ठेवले जात. नोव्हेंबरमध्ये एका गठ्ठ्यात गनरच्या क्रमांकाचा निळा सदरा निघाला. मावशींनी तो त्याच्या आईच्या खणात ठेवला. संध्याकाळी आई स्वतः तो घेऊन धुलाईघरात आली आणि म्हणाली की, हा त्याच्या गटातल्या मुलांच्या खणात ठेव. त्यांच्यापैकी कोणीतरी तो घालत होता, त्यालाच तो राहू दे.

मावशींनी मला विचारले की, ही त्या बाईची उदारता होती की रुसवा. त्यांच्या मते दोन्ही. शोक कोणी करायचा याविषयी त्या किबुत्झमध्ये उघडपणे कोणी बोलले नाही, पण प्रश्न होता. ज्या मुलांबरोबर तो १८ वर्षे एका छपराखाली झोपला त्यांना आपण भाऊ गमावला असे वाटत होते, त्याला सांभाळणाऱ्या स्त्रीला आपण मुलगा गमावला असे वाटत होते, आणि ज्या आईने त्याला जन्म देऊन दिवसातून काही तासच जवळ घेतले तिला आपल्या दुःखासाठीही सभेत हात वर करावा लागेल असे वाटू लागले होते. स्मरणसभेत प्रथम गटातील मुले बोलली, नंतर शिक्षक, नंतर सैन्यातील मित्र. आई बोलली नाही. पुस्तिकेत तिच्या वाट्याला जे पान आहे त्यात तिने त्याच्याविषयी एकही वाक्य लिहिलेले नाही. त्याने लहानपणी मुलांच्या घरातून तिला पाठवलेली चिठ्ठी तिने तशीच छापायला दिली आहे. त्या चिठ्ठीत त्याने आपल्याला गाजर आवडत नाही आणि हे तिने स्वयंपाकघरात सांगावे, एवढेच लिहिले आहे.

किबुत्झमध्ये युद्धात मेलेल्यांच्या अशा पुस्तिका काढण्याची रूढी जुनी आहे. पत्रे, डायरीतील पाने, शाळेतले निबंध, मित्रांच्या आठवणी, छायाचित्रे. छपाई साधी आणि प्रती थोड्या. इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयानेही मृत सैनिकांच्या लेखनाचे खंड काढले आहेत आणि प्रत्येकासाठी संकेतस्थळावर स्वतंत्र पान ठेवले आहे. या पुस्तिकांतील मजकूर नेहमीच प्रामाणिक असतो असे मी म्हणणार नाही. मेलेल्याविषयी लिहिताना तिथेही माणसे मृदू होतात. तरीही आमच्या गनरच्या पुस्तिकेत तो दूध काढण्याच्या पाळीला उशिरा येत असे, वादात हरला की दोन दिवस बोलत नसे, आणि एका मुलीला त्याने दिलेला शब्द पाळला नाही, हे सर्व आहे. त्या मुलीनेच ते लिहिले आहे, आणि किबुत्झने ते छापले आहे.

आमच्याकडे काय आहे ते पाहू. हलशी आणि देगावच्या परिसरात, कदंबांच्या काळापासूनचे वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई सोडवण्याचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. शिल्प म्हणून ते देखणे आहेत, पण कोरीव लेख नसेल तर एक वीर दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. त्यानंतर इंग्रजांचा काळ. पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडे अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या गेल्या आणि त्यांवर या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले व त्यांपैकी इतके मेले, एवढा हिशेब लिहिला गेला. नावे नाहीत. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणींतील कितीतरी शिपाई मेले. बेळगावच्या केंद्रात शर्कतच्या लढाईची आठवण आजही अभिमानाने जपली जाते, पण बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत आणि साध्या हिंदी शिपायांची त्यांच्या पलटणीनुसार फक्त संख्या आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने या भेदभावाची जाहीर कबुली २०२१ मध्ये दिली.

स्वातंत्र्यानंतर नावे आली, हा मोठाच फरक. गावाच्या वेशीवर कमान झाली, शाळेच्या आवारात स्तंभ झाला. आमच्या गावातून लढाईत गेलेल्या जवानाचा स्तंभ मराठीत असावा की कन्नडमध्ये यावर वाद झाला आणि बांधकाम बराच काळ अडले. सीमाभागात मेलेल्या माणसालाही या प्रश्नातून सुटका नाही. अखेर दोन्ही भाषांत नाव कोरले. २६ जानेवारीला त्याच्या पत्नीला व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ देतात, पाहुणे देशासाठी रक्त सांडण्याविषयी बोलतात, मुले घोषणा देतात. या कार्यक्रमाला मी दरवर्षी असतो आणि तो बंद व्हावा असे मला वाटत नाही. पण तो माणूस कसा चालत होता, कशावर हसत होता, याविषयी त्या व्यासपीठावरून एकही वाक्य मी आजवर ऐकलेले नाही.

हाच तो दुसरा, ज्याच्याविषयी लिहीन असे वर म्हटले. आप्पांचा शाळूसोबती. तो रणगाड्याचा चालक होता आणि डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर सुरुंगाच्या पट्ट्यात त्याची गाडी अडकून तो मेला. गाडी ओढून मागे आणणाऱ्या पथकात आप्पा होते. दुरुस्त होणारी गाडी परत लढाईत जाते, तिथे नवा चालक बसतो, आणि त्याआधी ती आतून धुवावी लागते. ते काम आप्पांनी केले. हे त्यांनी मला सांगितले ते मावशींनी गनरच्या चालकाचे पान वाचल्यावर. त्याआधी आमच्या घरात कोणालाही, काकूंनाही, ते माहीत नव्हते.

याच संदर्भात बेत हशिता या किबुत्झचा उल्लेख करायला हवा. यिझ्रेल खोऱ्याला लागून असलेल्या हरोद खोऱ्यातील या वसाहतीचे ११ तरुण १९७३ च्या त्या युद्धात मेले. एवढ्याशा वस्तीला हा आघात इतका मोठा होता की, योम किप्पूरची संध्याकाळ कशी पाळावी हे तिथे नव्याने ठरवावे लागले. तिथली माणसे देव मानणारी नव्हती, प्रार्थना त्यांच्या कामाची नव्हती, आणि उपवासाचा दिवस तर आता त्यांच्या मुलांच्या मरणाचा दिवस झाला होता. किबुत्झमधील सणांची सामग्री गोळा करणारे मोठे संग्रहालय याच ठिकाणी आर्ये बेन गुरियन यांनी उभे केले होते, तरी या एका संध्याकाळसाठी त्यात काही सापडत नव्हते. १९९० मध्ये संगीतकार यायर रोझेनब्लूम तिथे राहायला आले. त्यांनी या वर्षी कोण जगेल आणि कोण मरेल, कोण पाण्याने आणि कोण अग्नीने, असे विचारणाऱ्या मध्ययुगीन हिब्रू स्तोत्राला नवी चाल दिली, आणि किबुत्झचेच सदस्य हानोख अल्बालाक यांनी ती गायली. आता ती चाल इस्रायलमधील अनेक प्रार्थनामंदिरांत गायली जाते. मावशी म्हणतात की, ती ऐकताना त्यांना आपल्या धुलाईघराचे खण आठवतात, आणि पुढे हेही म्हणतात की, देवाला न मानणाऱ्यांना शेवटी देवाच्याच पुस्तकात यावे लागले याचे त्यांना मनातून थोडे समाधान वाटले.

एक गोष्ट मला लिहिताना सतत टोचत राहिली. गोलान ही १९६७ मध्ये इस्रायलने जिंकलेली सीरियाची भूमी, आणि ती परत घेण्यासाठी आलेल्या टी-५५ व टी-६२ रणगाड्यांतही गनर होते, तेही बहुधा शेतकऱ्यांची मुले. त्यांच्या गावी पुस्तिका निघाल्या की नाहीत याविषयी मला कोणी सांगणारे नाही, कारण तिथे माझ्या आईची मैत्रीण नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझाजवळच्या किबुत्झांमध्ये झालेली हत्याकांडे आणि त्यानंतर गाझामध्ये झालेला संहार यांच्यानंतर तर किबुत्झ म्हटले की ऐकणारा आधी तुमची बाजू विचारतो. गनरच्या बहिणीनेही मावशींना विचारले की, या मराठी माणसाला माझ्या भावाचे नेमके काय करायचे आहे. मी कळवले की, त्याला गाजर आवडत नव्हते एवढे मला माझ्या गावातल्या लोकांना सांगायचे आहे. तिने तासाभरात परवानगी दिली.

गोलानच्या त्या लढाईतून एक दंतकथाही निघाली. त्झ्विका ग्रीनगोल्ड हा वॉर्सॉच्या घेट्टोतील उठावातून वाचलेल्यांनी स्थापलेल्या लोहामेई हगेताओत या किबुत्झमधला २१ वर्षांचा तरुण अधिकारी सुट्टीवर होता. तो वाटेत मिळेल त्या वाहनाने पठारावर पोहोचला आणि रात्रभर एका रणगाड्यातून दुसऱ्यात जात लढला. तो वाचला आणि त्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्याच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मराठीतही कोणीतरी लिहील.

आमच्या गावातील चालकाची पुस्तिका काढायचे आम्ही ठरवले आहे. आप्पा सांगतात, मी लिहून घेतो. त्याच्या पत्नीकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे, आंतर्देशीय पत्रांचा एक गठ्ठा आहे. त्यातली निम्मी पत्रे त्याने दुसऱ्याकडून लिहवून घेतली असावीत असे अक्षरावरून दिसते, आणि त्यांत हवामान, म्हशीची किंमत आणि भावाने विहिरीच्या वाट्यावरून चालवलेली कुरबुर एवढेच विषय पुन्हा पुन्हा येतात. शेवटच्या पत्रात त्याने भावाला उद्देशून फार कठोर शब्द लिहिले आहेत. तो भाऊ आज ऐंशीच्या घरात आहे, स्तंभासाठी जागा त्यानेच दिली आणि दर २६ जानेवारीला स्तंभ धुऊन घेणारा तोच. त्याचे म्हणणे असे की, ते पत्र छापू नये. मेलेल्या माणसाची शोभा जाते. वहिनींचे म्हणणे असे की, तो असाच बोलायचा, आणि ते पत्र काढले तर त्या बाकीचीही देणार नाहीत. आप्पा दोघांकडेही जाऊन आले आहेत. छापखान्याला आम्ही अजून काही कळवलेले नाही.